सर्जेराव, हजर!

बालमित्रांनो, तुमचं नाव कुणी ठेवलं, हे विचारलंत का कधी घरी? आत्यानं कानात कुर्र करून सांगितलं, की आई-बाबांनी चार दिवस मोबाइलवर शोधून काढलं? आणि त्या नावाचा अर्थ काय? "छान वाटलं म्हणून ठेवलं" हे उत्तर चालायचं नाही हं!

मी नाशिकच्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. डी.एड. होऊन नोकरीला लागले तेव्हापासून रोज सकाळी हजेरी घ्यायची, हा माझा नेम. हजेरीपट वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात येते. नावांच्याही लाटा असतात. मी लागले तेव्हा आदित्य, प्रणव, साहिल फार. आता अथर्व, शिवांश, रुद्र. एकाच वर्गात तीन-तीन अथर्व निघतात, मग त्यांना आडनावानं हाक मारायची! आणि एखादंच नाव असं असतं, की साऱ्या शाळेत तसं दुसरं नाही.

माझ्या तिसरीच्या वर्गात असं एक नाव होतं. सर्जेराव.

सातारा, सांगली, कोल्हापूरकडे गेलात तर हे नाव तुम्हांला भेटेल. पण तिथंही ते बहुधा एखाद्या आजोबांचं असेल. डोक्याला फेटा, पांढऱ्या मिशा आणि खणखणीत आवाज. बाळाच्या पाळण्यावर हे नाव आता क्वचितच दिसतं. आमच्या सर्जेरावाचे पणजोबा साताऱ्याकडचे. नाशिक रोडला नोटा आणि तिकिटं छापण्याचा सरकारी छापखाना आहे ना, तिथं नोकरी लागली म्हणून ते इकडे आले आणि इथलेच झाले. त्यांचं नाव पणतवाला ठेवलं. पणजोबांना ते शोभत असणार. पण तिसरीतल्या एवढ्याशा पोराला, ज्याचं दप्तरच त्याच्यापेक्षा मोठं दिसतं, त्याला ते नाव मोठ्या माणसाच्या सदऱ्यासारखं ढगळ व्हायचं.

त्यात आला पोळा. शहरातल्या मुलांनाही पोळा ठाऊक असतो. मातीचे बैल आणून घरोघर पूजा होते. आम्ही वर्गात बैलांची चित्रं काढली. एकानं आपल्या जोडीखाली लिहिलं, 'सर्जा आणि राजा'. झालं! मधल्या सुट्टीत सुरू झालं, "ए सर्जा, शिंगं रंगवलीस का?" "सर्जा, चल औताला!" दोन दिवस तो हसला. तिसऱ्या दिवशी हसला नाही. चौथ्या दिवशी हजेरीला त्यानं "हजर" म्हटलं नाही, नुसता हात वर केला. पुढं पुढं तो हातही अर्धाच वर यायला लागला.

चिडवणाऱ्यांना मी समज दिली. चिडवणं थांबलं. पण मुलांनो, तोंडं थांबली तरी कानात बसलेलं निघत नाही. त्याच्या वह्यांवरचं नाव एकेक करून 'स.' इतकंच उरलं.

मग एके दिवशी त्याचे बाबा आले. हातात अर्ज होता. शाळेच्या नोंदीत मुलाचं नाव बदलून 'सर्वेश' करायचं होतं. म्हणाले, "बाई, पोरगं म्हणतंय, मला हे नाव नको. आजोबांच्या मायेपोटी ठेवलं होतं आम्ही. पण आता लोकही सांगतात, हे नाव मूळचं आपलं नाहीच. फारसी आहे म्हणे. मग कशाला धरून बसायचं?"

मी अर्ज ठेवून घेतला. म्हटलं, "आठ दिवस द्या मला. नाव टाकायचं तर टाका, पण ते काय आहे, हे बघून टाका."

आमच्या नाशिकला १८४० सालापासून चालत आलेलं सार्वजनिक वाचनालय आहे. शब्दांचा माग काढायचा तर शब्दकोश हवेत, आणि मराठीत चांगले मोठे शब्दकोश आहेत बरं का! दाते आणि कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' आहे. कवी माधव जूलियन तुम्हांला ठाऊक असतील. ते फारसीचे प्राध्यापक होते आणि १९२५ साली त्यांनी फारसी-मराठी कोशही तयार केला. अशा जाड जाड पुस्तकांत डोकं घातलं की एकेका शब्दाची वंशावळ सापडते. मला सर्जेरावाची सापडली, ती तुम्हांला सांगते.

फारसी ही इराणची भाषा. तिच्यात 'शरझा' असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ रागानं दात विचकलेला, खवळलेला. तो लावायचा सिंहाला नाहीतर बिबट्याला. 'शेर-ए-शरझा' म्हणजे खवळलेला सिंह. म्हणजे शरझा हे आधी प्राण्याचं नाव नव्हतंच. त्याच्या आवेशाचं नाव होतं.

हा शब्द आपल्याकडे कसा आला? दक्षिणेत अहमदनगरला निजामशाही होती आणि विजापूरला आदिलशाही. त्यांच्या दरबारात फारसीचा मोठा मान. दरबारातून शब्द निघाला आणि किल्ल्यांवर पोचला. तुम्ही विजापूरची 'मुलुखमैदान' तोफ ऐकली असेल. १५४९ साली ती अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला ओतली. तिच्या तोंडाशी जबडा पसरलेला हिंस्र प्राणी आहे आणि त्या जबड्यात हत्ती सापडलेला आहे. विजापूरचं नाव आता विजयपूर झालं, पण ती तोफ अजून तिथल्या बुरुजावर आहे. त्या बुरुजाचं नाव काय असेल? शेर्झा बुरूज! जंजिऱ्याच्या दरवाजाशीही हत्ती पकडलेला असाच एक सिंह दगडात कोरलेला आहे. सहलीला गेलात तर नक्की बघा.

आता गंमत पाहा. परका शब्द आपल्या तोंडात आला की आपण त्याला आपल्या सोयीनं वळवून घेतो. 'शाबास'चं गावाकडे 'साबास' होतं. 'शहर'चं 'सहर' होतं. शिवाजीमहाराजांच्या काकांचं नाव शरीफजी. तेच नाव पुढं तंजावरच्या भोसल्यांत 'सरफोजी' झालं. तसंच शरझाचं झालं 'सर्जा'. रागीट हा अर्थ मागं पडला आणि आपल्याकडे सर्जा म्हणजे सरळ सिंहच झाला. मालवणजवळ आणि अलिबागला सर्जेकोट नावाचे किल्ले आहेत. त्यांच्या नावातही हा शब्द ऐकू येतो.

आणि ऐका. भूषण नावाचा मोठा कवी शिवाजीमहाराजांच्या काळात होऊन गेला. 'शिवराजभूषण' हा त्याचा ग्रंथ १६७३ सालचा. त्यानं महाराजांना पुन्हा पुन्हा काय म्हटलंय ठाऊक आहे? 'सरजा'! सरजा शिवाजी. म्हणजे सिंहासारखा शिवाजी.

पण हा शब्द तेव्हा फक्त आपल्याच बाजूला होता असं नाही. विजापूरच्या एका सरदाराला 'शर्झाखान' किताब होता. मराठे त्याला सर्जाखान म्हणत. विजापूर पडल्यावर तो मोगलांना मिळाला. १६८७ साली वाईजवळ त्याच्याशी लढताना आपले सरसेनापती हंबीरराव मोहिते धारातीर्थी पडले. एकच शब्द, आणि लढाईच्या दोन्ही बाजूंना! शब्द बिचारा काय करणार? त्याला शत्रू नसतो आणि मित्रही नसतो. जो हाक मारील त्याचा तो.

पुढं 'सर्जेराव' हा मराठ्यांमध्ये मानाचा किताब झाला. कोल्हापूरजवळच्या कागलचं घाटगे घराणं हा किताब लावत असे. त्याच घराण्यात १८७४ साली एक मुलगा जन्मला आणि १८८४ साली तो कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला. तेच आपले राजर्षी शाहू महाराज. मोठ्या घरातला किताब हळूहळू साध्या घरांत नाव म्हणून आला. शेतकऱ्यानं आपल्या मुलाला ते ठेवलं.

आणि आपल्या लाडक्या बैलालाही ठेवलं! सिंहासारखा देखणा, सिंहासारख्या छातीचा, म्हणून सर्जा. तेव्हा सर्जेरावाला बैलाचं नाव मिळालेलं नाही. बैलाला सिंहाचं नाव मिळालेलं आहे. आणि मी तर म्हणेन, मिळालं असतं बैलाचं तरी काय बिघडलं असतं? वर्षभर ज्याच्या जिवावर घर जेवलं त्याला गावानं सिंह म्हटलं, याच्याइतकी दुसरी शाबासकी कोणती?

आता राहिला 'राव'. तो संस्कृतातल्या 'राजा'पासून आला. राजा, मग राय, मग राव. म्हणजे सर्जेराव या नावाचा पुढचा पाय इराणात आणि मागचा पाय इथल्या मातीत. असं जोडकाम आपल्याकडे पुष्कळ आहे. शहाजी घ्या. 'शाह' हा फारसी शब्द, म्हणजे राजा; 'जी' आपला. रुस्तुमराव घ्या. रुस्तुम हा इराणच्या 'शाहनामा' या प्रचंड काव्यातला महापराक्रमी वीर. आमच्या देवळाली कॅम्पात पारशी मंडळींची जुनी वस्ती आहे. त्यांच्यात रुस्तम, सोहराब, जमशेद ही नावं आजही असतात, तीही तिकडचीच. गुलाबराव घ्या. 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी. फारसीत गुलाब म्हणजे खरं तर गुलाबपाणी! दौलतराव, हिम्मतराव, हैबतराव यांतले पहिले शब्द अरबी, पण ते फारसीचा हात धरून मराठीत आले.

हे सगळं मी वर्गात सांगितलं. पण नुसतं सांगून भागत नाही. मी फळ्यावर दोन रकाने आखले आणि म्हटलं, आपल्या वर्गातल्या वस्तू सांगा. मुलं ओरडू लागली. मी एकेक शब्द उजव्या रकान्यात लिहीत गेले. दप्तर, कागद, शाई, दरवाजा. बाहेरचे सांगा म्हटलं. मैदान, रस्ता, बाजार, जमीन, बाग. हे सगळे शब्द आपल्याकडे फारसीतून आलेले. 'शाई' म्हणजे मुळात काळी, बरं का! मग आपण 'निळी शाई' म्हणतो तेव्हा काय म्हणतो? निळी काळी! सगळा वर्ग हसला. 'दप्तर' तर त्याहून लांबचं. फारसीत ते आलं ग्रीक भाषेतून, आणि तिथं त्याचा अर्थ होता कातडं; पूर्वी कातड्यावर लिहीत असत म्हणून. आणि रोज सकाळी मी घेते ती 'हजेरी'? तीही अरबी-फारसीच्या वाटेनं आलेली.

तेवढ्यात एका हुशार मुलीनं विचारलं, "बाई, पण शिवाजीमहाराजांनी तर फारसी शब्द काढून टाकायला सांगितलं होतं ना?"

प्रश्न अगदी बरोबर होता. महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला. सुमारे चौदाशे शब्द त्यात आहेत. कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत शब्द दिले आहेत. आपलं राज्य आहे तर त्याचा कारभार आपल्या भाषेत चालावा, हा त्यामागचा विचार. तो फार मोठा विचार होता. पण महाराजांच्या वडिलांचं नाव शहाजीच राहिलं, आणि त्यांचा कवी त्यांना सरजाच म्हणत राहिला. कचेरीतला शब्द बदलायला हुकूम पुरतो. माणसाला ज्या नावानं हाक मारली, ते नाव हुकमानं बदलत नाही.

आपल्या गावाचंच घ्या ना! मोगलांच्या काळात नाशिकचं नाव होतं गुलशनाबाद. गुलशन म्हणजे फुलबाग. किती सुंदर नाव! पेशवाईत ते जाऊन जुनं नाशिक पुन्हा आलं. आणि गंमत म्हणजे ज्यांनी ते आणलं त्यांचं पद 'पेशवा' हासुद्धा फारसीच शब्द, म्हणजे पुढं चालणारा. गुलशनाबाद आज कुणी म्हणत नाही. नाव कुठून आलं यावर ते टिकत नाही. लोक त्या नावानं हाक मारतात की नाही, यावर टिकतं.

सर्जेराव हे सगळं ऐकत होता. काही बोलला नाही. मी मुलांना घरचा अभ्यास दिला. आपल्या नावाचा अर्थ घरी विचारून या, आणि ते नाव घरात याआधी कुणाचं होतं का, तेही विचारा. दुसऱ्या दिवशी वर्ग बाजारासारखा गजबजला. कुणाला आजीनं नवसाची गोष्ट सांगितली होती. एका अथर्वच्या आईला अर्थ ठाऊक नव्हता. तिनं शोधला, तेव्हा त्याला कळलं की तो एका वेदाच्या नावाशी जोडलेला आहे. मग तिन्ही अथर्व एकदम ताठ बसले!

सर्जेरावानं पिशवीतून एक तांब्याचा तांब्या काढला. पूर्वी भांड्यांवर नावं घालून घेत, आठवतं? तुमच्याही घरात आजीच्या पातेल्यावर असेल बघा. त्या तांब्यावर टिंब-टिंबांनी कोरलं होतं, 'सर्जेराव'. पुढं आडनाव, गाव. पणजोबांचा तांब्या. साताऱ्याहून निघताना त्यांनी बरोबर आणलेली ती एकच वस्तू, असं आजीनं त्याला सांगितलं होतं. छापखान्यात त्यांची पाळी रात्रीची असली तरी ते पहाटे घरी येऊन या तांब्यानं तुळशीला पाणी घालायचे आणि मगच झोपायचे, हेही सांगितलं होतं. आजी त्यांची सून. लग्न होऊन आली तेव्हा तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. पणजोबांनी तिला पहिली अक्षरं शिकवली, ती या तांब्यावरच्या नावाची. स, र्जे, रा, व. जोडाक्षर अवघड, पण तेच तिला आधी आलं.

वर्गात कुणीही हसलं नाही. तांब्या बाकावरून बाकावर फिरला. प्रत्येकानं त्या टिंबांवरून बोट फिरवलं, त्यानंही. त्याच्या बोटाला ती टिंबं घरची होती.

शब्दकोशात 'शरझा' सापडतो, 'राव' सापडतो. पण एका बाईनं अक्षर ओळखलं ते या नावावर, हे कुठल्या कोशात सापडणार? नावाचा निम्मा अर्थ पुस्तकात असतो. उरलेला निम्मा, ज्यांनी ते नाव आधी वापरलं त्यांच्या वागण्यात असतो. आणि तो आपण विचारला नाही तर एक दिवस सांगणारं माणूसच उरत नाही.

आठ दिवसांनी त्याचे बाबा आले. मी अर्ज त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी तो घडी करून खिशात घातला. फाडला मात्र नाही. म्हणाले, "मोठा झाल्यावर त्याचं तो ठरवील. तोवर असू दे." मला ते पटलं. नाव त्याचं आहे. ते आवडलंच पाहिजे, अशी सक्ती तरी का करावी? उद्या त्यानं सर्वेश व्हायचं ठरवलं तर व्हावं खुशाल. पण लाजून होऊ नये, एवढंच माझं म्हणणं. त्या दिवसापासून त्याच्या वहीवर पूर्ण नाव आलं. हजेरीला आवाज अजून बारीकच यायचा, पण यायचा.

पालकहो, तुमच्याशीही दोन शब्द. मुलाचं नाव हौसेनं ठेवा, नवं ठेवा, जुनं ठेवा. पण त्याच्याबरोबर त्याची गोष्टही द्या. गोष्ट नसलेलं नाव चिडवण्याच्या पहिल्या फटक्यात गळून पडतं. गोष्ट पाठीशी असली की पोर उभं राहतं. आणि एखादं नाव 'आपलं' की 'त्यांचं' असा सवाल मुलांसमोर टाकण्याआधी, आपण दिवसभरात बोललेले शब्द जरा मोजून पाहा. मोजता मोजता दमाल!

बालमित्रांनो, आता तुमचा अभ्यास. आज रात्री जेवताना घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाला विचारा, माझं नाव कुठून आलं? आणि तुमचं नाव कुणी ठेवलं? वहीत लिहून ठेवा. वर्गात एखाद्याचं नाव वेगळं असेल तर हसण्याआधी त्याला विचारा, तुझ्या नावाची गोष्ट काय रे? बघा, तो किती खुलून सांगेल!

आणि जाता जाता आणखी एक गंमत. गुरुजी-बाई तुम्हांला 'शाबास' म्हणतात ना, तोही फारसीच शब्द. मुळात तो आहे 'शाद बाश'. त्याचा अर्थ, आनंदात राहा.

लिहून काढलंत? मग, शाबास!